धुऊन-पुसून दिलेला नमुना

तीर्थरूप आत्याबाईंना,

थोरल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत असं समजावं. उजव्या हाताला पत्र लिहायचं असल्यामुळे त्याला सूट दिली आहे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना करकर वाजायचा, तो वाजायचा थांबला, की निदान एका पायरीआड वाजतो? तेल रोज लावता ना? तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई अजून टॉवेल न झटकता, मुरगळलेले तसेच दोरीवर टाकतात का, आणि तुम्ही अजून जाता-येता ते सरळ करता का? त्यांनी दोरीपाशी काहीतरी पाटी लावल्याचं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. मनाला लावून घेऊ नये. लोकांना चांगलं सांगितलेलं आवडतच नाही.

इकडे सगळे सुखरूप आहेत. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे 'हॉस्पिटल' हा शब्द आला की तुम्ही तो दुखरा गुडघा घेऊन ताडकन उभ्या राहणार नाही. आमची टिकटिक ठणठणीत आहे. (तुमच्या शेजारणी हे पत्र वाचायला मागतील म्हणून खुलासा: टिकटिक म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं सात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, आणि जन्मल्यापासून तोंड एकदाही बंद पडलेलं नाही, म्हणून हे नाव.) आत्ता ती माझ्या समोर बसून बिस्किटं खाते आहे आणि मी काय लिहितोय ते उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करते आहे. तिचं पोट जागच्या जागी आहे आणि त्याला कुठेही टाका नाही. पण चार दिवसांपूर्वी तो पडायला अवघा दीड तास उरला होता, आत्याबाई.

आता सुरुवातीपासून सांगतो. तुम्ही गुडघ्याच्या उपचारासाठी दोन महिने आमच्याकडे राहून गेलात, त्याला परवा तीन आठवडे झाले. ज्या बाईने एकतीस वर्षं एवढ्या मोठ्या हॉटेलचा धुलाई विभाग सांभाळला, वासावरून चादर उकळली आहे की नुसती भिजवली आहे ते ओळखलं, तिने आमच्या दोन खोल्यांना शिस्त लावली हे आम्ही आमचं भाग्य समजतो. तुमचं वेळापत्रक न्हाणीघराच्या दारावर अजून तसंच आहे. कलम एक: उठल्याबरोबर, कोणाशी अवाक्षर बोलण्याआधी, कोमट पाणी आणि साबण, सर्वांग. कलम चार: अंथरुणाच्या चादरी दोघांनी दोन टोकं धरून सात वेळा झटकणे, जोरात. कलम नऊ: ढेकर, खाज, जुलाब आणि शेजाऱ्यांचं वजन हे विषय सभ्य घरात निघत नाहीत. ही सगळी कलमं आम्ही तुमच्या पश्चातही पाळतो. (तुमच्या पश्चात म्हणजे तुम्ही गावी गेल्यावर. गैरसमज नसावा.) टिकटिकला तर सगळी तोंडपाठ आहेत, कारण ती तुमच्या शेजारी, तुमच्या पलंगावर झोपायची आणि झोपताना तुम्ही तिच्याकडून ती म्हणवून घ्यायचात. आमच्या कुटुंबात कोणी कोणाचं इतकं ऐकल्याचं उदाहरण नाही. आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. म्हणजे तुमच्यापासून नव्हे! घोळ आमच्या पाळण्यातून सुरू झाला.

गेल्या आठवड्यात सकाळी दूध पिता पिता पोरगी एकाएकी गप्प झाली. घरात घड्याळं चौदा, सगळी चालू, तरी मला सगळं थांबल्यासारखं वाटलं. पोट दुखतंय म्हणाली. शाळेत त्या दिवशी पाढ्यांची परीक्षा होती, त्यामुळे मी प्रथम वैद्यकीय कारणाचा विचार केला नाही. पण परीक्षा रद्द झाल्याचा निरोप आला तरी दुखणं रद्द होईना, तेव्हा माझं धाबं दणाणलं. बेंबीपाशी दुखत होतं ते दुपारपर्यंत उजव्या बाजूला, खाली गेलं. तिला उचलून आपल्या हूं डॉक्टरांकडे नेलं. (तेच, कोपऱ्यावरचे म्हातारे. रोगी काहीही सांगो, ते 'हूं' म्हणतात. तुम्ही त्यांच्या टेबलावरचा कपडा बदलायला लावला होतात, तेव्हाही 'हूं'च म्हणाले होते.) त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, नखं पाहिली, आणि तिला सरळ कलम नवातला दुसरा विषय विचारला, की बाळ, मागच्या बाजूला, विशेषतः झोपेत, असं काही होतं का? टिकटिकने ओठ घट्ट मिटले आणि मान इतक्या जोरात नकारार्थी हलवली की तिची वेणी डॉक्टरांच्या चष्म्याला लागली. डॉक्टर 'हूं' म्हणाले. मला मात्र पोरीचा अभिमान वाटला. काय ते वळण, म्हटलं!

तरीही डॉक्टरांना शंका होती. लहान मुलांच्या पोटात दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक पांढरे जंत होतात म्हणे, आणि ते कधी कधी आतड्याच्या त्या टोकाला, अपेंडिक्सच्या तोंडाशी, जाऊन बसतात. मग पोट अगदी अपेंडिक्स सुजल्यासारखंच दुखतं. (हे सगळं ते सलग बोलले. त्यांना एवढं बोलता येतं हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं.) त्यांनी काचेच्या तीन पट्ट्या दिल्या आणि पद्धत सांगितली: तीन दिवस रोज सकाळी, मुलगी उठल्या उठल्या, काहीही धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा तिथे दाबायचा, काचेवर चिकटवायचा, आणून द्यायचा. त्या प्राण्याच्या माद्या झोपेच्या वेळी बाहेर येऊन अंडी घालून जातात, ती पट्टीला चिकटतात. 'धुवायच्या आधी' हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा ऐकलं. माझ्या कानात काही दोष नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो.

पण आत्याबाई, तुम्हीच सांगा. परक्या माणसाच्या हातात आपल्या घरातून काय जावं? उद्या हूं डॉक्टर ती काच दुर्बिणीसारख्या त्या यंत्राखाली धरणार, हजारपट मोठं करून बघणार, आणि त्यांना तिथे आमच्या घरची अस्वच्छता दिसणार? जिच्या शेजारी तुम्ही दोन महिने झोपलात त्या मुलीची? पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतो की नाही? मग सौ.ने सकाळी पोरीला उठवलं, कोमट पाण्याने, साबणाने, दोनदा स्वच्छ धुतलं, पुसलं, पावडर लावली आणि मगच पट्टी दाबली. तिन्ही दिवस. काच अशी लख्ख आली की मी ती माझं डोळ्याला लावायचं भिंग लावून पाहिली, तर तिच्यात माझाच डोळा दिसला. अभिमानाने कागदात गुंडाळून नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काहीच नाही. इतकी स्वच्छ काच मी आयुष्यात पाहिली नाही." मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना सांगितलं का नाही की धुऊन दिलं? तर कोणी विचारलंच नाही, आत्याबाई. 'तुम्ही मुलीला धुतलं होतंत का' असा प्रश्न सभ्य माणूस विचारत नाही, आणि विचारला तर 'हो' हे उत्तर चुकीचं असू शकतं हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी दुखणं वाढलं. पोरगी पाय पोटाशी घेऊन पडली, एक उलटी झाली, अंग कोमट लागायला लागलं. हूं डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, 'जंत तीन वेळा तपासले, नाहीत. अपेंडिक्सची शंका', आणि आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथले सर्जन तरुण, चटपटीत, उभ्या उभ्या बोलणारे. त्यांनी पोट दाबलं की टिकटिक ओरडायची, हात पटकन काढला की आणखी ओरडायची. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या. सोनोग्राफी केली, तर ज्याच्यावर सगळा आळ तो अपेंडिक्स फोटोत सापडेचना. (तुमच्या आग्रहाने आपण एकत्र फोटो काढला होता, त्यात मी जसा खांबामागे आहे, तसा.) सर्जन म्हणाले, आज सलाइन लावून नजर ठेवू, सकाळी उतार नसेल तर साडेआठला काढून टाकू. 'काढून टाकू' हे असं म्हणाले जसं मी घड्याळाचा जुना पट्टा काढतो म्हणेन. माझ्या पोटात गोळा आला. घरात दोन पोटं आणि दोघांनाही एकच दुखणं.

मी त्यांना नम्रपणे समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, बावीस वर्षं मी घड्याळं उघडतो आहे. बंद पडलेलं घड्याळ गिऱ्हाईक आणतं आणि म्हणतं, उघडा. मी लगेच उघडत नाही. आधी कानाशी धरतो, हलवतो, किल्ली देऊन बघतो. निम्म्यांना तर कोणी किल्लीच दिलेली नसते. उघडलं की धूळ जाते, आणि एकदा उघडलेलं घड्याळ पुन्हा कंपनीतून आल्यासारखं बसत नाही. सर्जनांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की घड्याळ फुटत नाही, अपेंडिक्स फुटतो. त्यांचंही खरंच होतं, आणि मी हे खुल्या मनाने लिहितो. तो माणूस काही कापायला टपलेला नव्हता. त्याच्या हातात जो कागद होता त्यावर 'तीन वेळा तपासले, नाहीत' असं लिहिलं होतं, आणि ते आम्हीच साबणाने लिहून दिलं होतं.

संध्याकाळी सौ. जरा बाहेर पाणी आणायला गेली होती, तेव्हा टिकटिकने मला जवळ बोलावलं. सलाइनच्या हाताला पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली, तोंड एवढंसं झालेलं. म्हणाली, बाबा, पोट उघडलं की परत बंद करता येतं ना? मी म्हटलं, हो तर, लगेच. ती म्हणाली, मग तुमच्या दुकानातल्या फळीवर इतकी उघडी घड्याळं का पडलीयेत? आत्याबाई, मी मोठा माणूस, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या फळीवरची घड्याळं मी आळसाने ठेवली आहेत, भाग मिळत नाहीत म्हणून ठेवली आहेत, काही गिऱ्हाईकं न्यायलाच आली नाहीत म्हणून ठेवली आहेत. पण हे सात वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? मी तिला वचन दिलं की घरी गेल्यावर ती सगळी बंद करीन. (आजपर्यंत सहा झाली. अकरा राहिली.)

सकाळी सहाला मी कलम एकप्रमाणे कोमट पाणी मागायला गेलो. ऑपरेशनला जायचं म्हणजे मुलगी स्वच्छ नको? तिथले डॉक्टर, तिथल्या नर्स, सगळे अनोळखी. पण तुमच्या टिकटिकने आयुष्यात पहिल्यांदा कलम मोडलं. पलंगाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि धुणार नाही म्हणाली. का, तर स्वच्छ झाली की कापणार, न झाली तर कापणार नाहीत, असा तिचा हिशेब. मी गोडीने सांगितलं, मग बापाच्या आवाजात सांगितलं, मग जवळजवळ पाया पडलो. शेवटी तुमचं नाव घेतलं. तरी दांडी सोडेना, तेव्हा माझी खात्री पटली की दुखणं खरं आहे.

हा आरडाओरडा ऐकून वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या. (उंच, पांढरे केस, कडक इस्त्री. तुमची आणि त्यांची गाठ पडली असती तर एकतर जन्माची मैत्री झाली असती नाहीतर हॉस्पिटल बंद पडलं असतं.) त्यांनी विचारलं, एवढ्या सकाळी त्या लेकराला धुवायचा हट्ट कशाला? आम्ही धुऊ की लागेल तेवढं. माझा मानभंग झाला. मी ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, सिस्टर, आमच्या घरची पद्धत तुम्हाला ठाऊक नाही. आमच्याकडे जंताच्या तपासणीचा नमुनासुद्धा आम्ही आधी साबणाने दोनदा धुतल्याशिवाय दिलेला नाही. विचारा हूं डॉक्टरांना, इतकी स्वच्छ काच त्यांनी आयुष्यात पाहिली नाही!

सिस्टर जिथे होत्या तिथेच थांबल्या. माझ्याकडे बघतच राहिल्या. मला आधी वाटलं, कौतुकाने. मग त्यांनी हळूच विचारलं, "तिन्ही दिवस? आधी धुऊन?" मी म्हटलं, तिन्ही दिवस. त्यांनी कपाळावर हात मारला. मारला म्हणजे खरोखर मारला, टोपी सरकली.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. सिस्टरनी मला पडद्याबाहेर काढलं. चिकटपट्टी माझ्याच पिशवीत होती. टिकटिकच्या शेजारी बसून त्यांनी तिच्याशी काहीतरी कुजबुज केली, मला एवढंच ऐकू आलं की "सांगायचं नसतं" असं पोरगी म्हणाली, आणि "मला सांगितलं तर चालतं, मी सिस्टर आहे" असं त्या म्हणाल्या. मग पडदा सरकला आणि सिस्टर काच घेऊन बाहेर आल्या. मी भिंग डोळ्याला लावलं. खरं तर भिंगाची गरजच नव्हती. काचेवर बोटाच्या पेरापेक्षाही आखूड, पांढरा, बायकांच्या मनगटी घड्याळातल्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, तुकड्याएवढा बारीक दोरा होता. आणि आत्याबाई, तो वळवळत होता. मी अत्यंत धीराने तो पाहिला, सिस्टरांना काच परत केली आणि जरा विश्रांतीसाठी बाकावर बसलो.

सर्जन आठला आले. त्यांनी काच पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा काच. पोट पुन्हा तपासलं. दुखत होतं, पण कालच्यापेक्षा मऊ होतं, आणि ताप उतरला होता. ते पहिल्यांदाच खुर्चीत बसले. म्हणाले, मागे एकदा अशाच एका मुलाचं पोट उघडलं होतं, अपेंडिक्स निरोगी निघाला आणि आत हेच पाहुणे. आज दिवसभर थांबून बघू, औषध देऊ, पोट कडक झालं तर मात्र मी ऐकणार नाही. मी म्हटलं, तुम्ही किल्ली देऊन बघताय तर मग! ते हसले. चांगला माणूस आहे. त्यांच्या घड्याळाची काच मी काल बदलून दिली.

औषध दिलं. दुपारपर्यंत पोरीने पाय सरळ केले. संध्याकाळी खायला मागितलं. दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डमधल्या सगळ्यांना आपल्या पोटात कोण राहायला आलं होतं ते सांगितलं, तिसऱ्या दिवशी सिस्टर स्वतःच म्हणाल्या की आता हिला घरी न्या, बाकीच्या रोग्यांना झोप पाहिजे. घरी आणली. मी दुकान बंद ठेवून दिवसभर तिची टिकटिक ऐकत बसलो. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

असो. बाकी विशेष काही नाही. लहानांना नमस्कार, मोठ्यांना आशीर्वाद (उलट वाचावे). गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. तुमचा वाचायचा चष्मा इथे राहिला आहे. या पाकिटासोबतच्या छोट्या डबीत पाठवत आहे. डबी जपून उघडावी, कारण त्यात चष्म्याखाली आणखी एक वस्तू आहे.

ता. क. दुसरा. ती वस्तू म्हणजे दोन गोळ्या आहेत. आत्याबाई, रागावू नका. मी हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहिणार होतो, पण तीन कागद झाले तरी धीर होईना. हे जंत एकट्याने राहत नाहीत. सर्जनांनी विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत या मुलीच्या अंथरुणात कोण झोपलं? मी म्हटलं, कोणी नाही. मग म्हटलं, घरातलंच माणूस. मग म्हटलं, वडीलधारं. ते म्हणाले, त्या वडीलधाऱ्यांनाही द्या. आम्ही दोघांनी घेतली. एक गोळी आज, दुसरी बरोब्बर दोन आठवड्यांनी. तुमच्या तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. तुम्हाला काही त्रास आहे असं कोणाचंही म्हणणं नाही. तुमच्यासारख्यांना होणारच कसा? ही केवळ सरकारी कागदावर सही असते तशी एक रीत समजा. आणि जाता जाता: चादरी झटकायच्या नाहीत असं सिस्टर म्हणतात. जंतांची ती बारीक अंडी हवेत उडतात आणि झटकणाऱ्याच्याच तोंडात जातात. हळूच गुंडाळून गरम पाण्यात टाकायच्या. कलम चार आम्ही रद्द केलेलं नाही. त्याच्यावर फक्त कागद चिकटवला आहे.

शुद्धिपत्र. आत्याबाई, मी तुमची भाचेसून. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी सोळा वर्षं गेली. पत्र टाकण्यापूर्वी ते माझ्या नजरेखालून गेलं, म्हणून या दुरुस्त्या. 'सौ.ने पोरीला दोनदा धुतलं' असं आहे तिथे 'मी धुतलं' असं वाचावं. हा 'मी' म्हणजे हे. मी तिन्ही दिवस पहाटेच कामाला गेले होते, आणि जाताना यांना 'धुवू नका' असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. ती चिठ्ठी यांनी ओल्या हाताने खिशात घातली. 'धीराने पाहिला आणि विश्रांतीसाठी बाकावर बसलो' असं आहे तिथे 'पाहिला आणि धाडकन जमिनीवर पडलो' असं वाचावं. सिस्टरांनी यांना उचललं, ऑपरेशनसाठी आणलेली गाडी यांच्यासाठी वापरली, आणि काही मिनिटं कोणाला कापायचं आहे याबद्दल वॉर्डमध्ये गोंधळ होता. 'घरात दोन पोटं' हे बरोबर नाही. तीन होती. मी पाणी आणायला गेले नव्हते, जिन्यात बसून रडत होते. बाकी मजकूर ठीक आहे. गोळी घ्या, आत्याबाई, आणि गुडघा बरा झाला की परत या. तुमच्यावाचून घर नीट झाडल्यासारखं वाटत नाही.

आत्याआजीला टिकटिकचा नमस्कार. आई म्हणाली दोनच ओळी लिही. गोळी गोड आहे, चघळायची. सिस्टर म्हणाल्या खाज आली तर सांगायचं असतं, नाहीतर पोट कापतात. पण मी तुमचं नाव अजिबात सांगितलं नाही, आपलं ठरलं होतं ना. मी एवढंच सांगितलं की आमच्या पलंगावर आम्हा दोघींना येते, आणि दुसरीने कोणाला सांगू नको म्हटलंय. माझी थांबली. तुमची थांबली का? नसली थांबली तर मला लिहा, मी कोणाला सांगणार नाही. फक्त सिस्टरांना.